तीनला मज्जाव

हॉटेलात गेल्यावर तुम्ही-आम्ही विचारतो, "काय काय आहे?" आमचे बीजगणिताचे सर विचारायचे, "आज काय नाही?"

माधवनगरला गिरणीच्या कोपऱ्यावर एक चहाचं हॉटेल होतं. सर नवीन आले तेव्हा तिथला मालक हा प्रश्न ऐकून गडबडला. "न्हाई म्हंजी?" सर म्हणाले, "म्हणजे जे संपलंय, बिघडलंय किंवा आज केलेलंच नाही, ते आधी सांगा." मालकानं डोकं खाजवत सांगितलं, "मिसळ संपली. भजी हायती, पर गार." "छान. आता उरलेल्यात मी बघतो," असं म्हणून सरांनी चहा मागवला. पुढं पुढं सर रस्त्यावर दिसले की मालक गल्ल्यावरूनच हाळी द्यायचा, "मास्तर, आज शेव न्हाई आन दूध पातळ हाय." चार गिऱ्हाइकांपुढं असली हाळी धंद्याला बरी नव्हे, पण त्याच्याही ते अंगवळणी पडलं होतं.

सरांचं म्हणणं असं, की माणसं हो म्हणायची घाई करतात आणि मग तोंडावर आपटतात. आधी काय चालणार नाही ते ठरवावं, मग राहिलेल्या जगात खुशाल हिंडावं. सांगलीच्या एसटी स्टँडवर ते चौकशीच्या खिडकीत वाकून विचारायचे, "आज कोणती गाडी सुटणार नाही?" आतला माणूस म्हणायचा, "मास्तर, त्ये आमाला तरी कुठं ठावं असतंय."

लग्नाचंही तसंच झालं म्हणे. सर मूळचे शिरवळकडचे. आमच्याकडं येण्याआधी आटपाडीला शिकवत होते. तिथं कुणीतरी मुलीचे वडील त्यांना बघायला आले. सरांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं, "मी घोरतो. आंबट खात नाही. पाहुणे आले की मला बोलायला सुचत नाही. आणि पगार वाढायची शक्यता नाही." वडील म्हणाले, "आवं, मग चांगलं काय हाय ते बी सांगा की." सर म्हणाले, "ते तुम्ही बघा. मी सांगितलं तर त्याला काय किंमत?" वडिलांनी पानाची चंची गुंडाळली आणि ते उठले. इतका खरा माणूस जावई म्हणून कुणाला परवडत नाही. सर एकटेच राहिले ते राहिलेच.

हे सगळं त्यांच्यात बीजगणितातून आलं होतं की बीजगणितात त्यांच्यातून गेलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. समीकरणात छेद आला, आणि त्या छेदात क्ष आला, की सर खडू खाली ठेवायचे. "थांबा. आधी मज्जाव लिहा." वहीच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखायची आणि क्षच्या ज्या किमतीनं छेद शून्य होतो ती किंमत त्या चौकटीत लिहायची. छेदात क्ष वजा पाच असेल तर पाचाला मज्जाव. चौकट नसेल तर गणित तपासणार नाहीत, मग उत्तर कितीही बरोबर असो. अख्खी शाळा त्यांना मज्जावसर म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

शून्यानं का भागायचं नाही, हे त्यांनी आम्हाला भाकरीवर शिकवलं. गिरणीतल्या एका कामगाराचा मुलगा पुढच्या बाकावर बसायचा. सरांनी त्याला उभं केलं. "आईनं सहा भाकरी केल्या. जेवायला तिघं. प्रत्येकाला किती?"

"दोन."

"आता जेवायला कुणीच नाही. शून्य माणसं. प्रत्येकाला किती?"

तो म्हणाला, "सर, भाकरी दुरडीतच ऱ्हातील."

"दुरडीत किती राहतील ते नाही विचारलं. प्रत्येकाला किती?"

"पर सर, परत्येक म्हणायला हाय कोण तितं?"

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला आपला खडू देऊन टाकला. "बघा, ह्याला कळलं. उत्तर मोठं नाही, लहान नाही. प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून मज्जाव."

आणि त्यांचं ते पुसणं. साधं गणित सुटलं की सर फडक्यानं फळा लख्ख करायचे. पण एखादं समीकरण असं निघालं, की त्याचं उत्तर नेमकं चौकटीतल्या मज्जावावर जाऊन आदळतंय, तर खाली ठळक अक्षरांत 'उकल नाही' लिहायचे, दोन रेघा मारायचे आणि ते दिवसभर पुसू द्यायचे नाहीत. "चुकलेलं गणित पुसा. उकल नसलेलं गणित पुसू नका. ते सुटलेलं आहे." त्यापायी इतिहासाच्या बाईंना एकदा पानिपतची लढाई फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लढावी लागली. बाई धुसफुसल्या, मुख्याध्यापकांकडं गेल्या, पण फळा तसाच राहिला. दुपारी गिरणीचा भोंगा व्हायचा, खिडकीतून सरकीचा वास यायचा, आणि आम्ही पेंगत पेंगत त्या 'उकल नाही'कडं बघत पानिपत ऐकायचो. आज कुठं तो वास आला की मी दोन मिनिटं तिथंच रेंगाळते. शाळेत असताना मात्र घर कधी गाठतो असं झालेलं असायचं.

बीजगणित घेतलेल्या आम्ही वर्गात दोघीच मुली होतो. बाकीच्या मुलींनी सोपं अंकगणित घेतलं होतं. माझं घर माधवनगरपासून सायकलच्या अंतरावरच्या गावात, उसाच्या रानात. वडिलांना, म्हणजे आप्पांना, लढाईनंतर फौजेतून हवालदार म्हणून पेन्शन मिळाली आणि ते शेतीला लागले. पलटण सुटली तरी पलटणीची शिस्त सुटली नव्हती. आमच्या घरात गुरंसुद्धा वेळेवर पाणी प्यायची.

मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला असताना थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, माझ्यासाठी स्थळ आणलं. कोरेगावकडचं, बागाईतदार, मुलगा फौजेत. आप्पांना पसंत पडलं. आई घुटमळली, "पोरगी परीक्षेला बसती म्हणती." तेव्हा आप्पांनी भावकीसमोर निवाडा दिला. शाळेची चाचणी पास झाली तर मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायचं, मग लगीन. चाचणीत नापास झाली तर शाळा तिथंच संपली, फाल्गुनात अक्षता. "ह्यो माझा शबूद," आप्पा म्हणाले. आप्पांचा शब्द म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या शाळेचाही कायदा होता, की चाचणीत गणितात नापास झालेल्याचा मार्चचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही.

मला पुढं काय करायचं होतं ते मला माहीत नव्हतं. नवऱ्या मुलाविषयी माझी काही तक्रारही नव्हती, मी त्याला पाहिलाच नव्हता. पण आमच्या घरात परीक्षेला बसलेली बाई आजवर कुणी बघितली नव्हती आणि मला ती व्हायचं होतं. एवढीच गोष्ट. ती मला जिवापलीकडं हवी होती.

चाचणीत सरांनी एक समीकरण घातलं. एक भागिले क्ष वजा तीन, अधिक एक भागिले क्ष अधिक तीन, बरोबर सहा भागिले क्ष वर्ग वजा नऊ. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की दोन्ही बाजूंना गुणून छेद घालवले की दोन क्ष बरोबर सहा असं साधं सुंदर काहीतरी उरतं, आणि क्ष बरोबर तीन येतो. आणि तीन घातला की मूळच्या समीकरणात छेद शून्य होतो. म्हणजे उकल नाही.

काहींनी बरोबर 'उकल नाही' लिहिलं. काहींनी चौकटच केली नाही आणि तीन लिहून मोकळे झाले. मी जे केलं ते मात्र फक्त मज्जावसरांच्या वर्गातच होऊ शकलं असतं. मी उजव्या कोपऱ्यात पट्टीनं सुबक चौकट आखली. तिच्यात लिहिलं, 'मज्जाव: क्ष = ३, क्ष = −३'. मग सगळ्या पायऱ्या व्यवस्थित केल्या, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं, 'उत्तर: क्ष = ३'. वरची चौकट आणि खालचं उत्तर यांच्यात वीतभराचं अंतर होतं. मला दिसलं नाही.

सरांनी पाचांपैकी शून्य दिलं, आणि मी दोन मार्कांनी नापास झाले.

पेपर वाटताना सर माझ्याजवळ थांबले. "ही चौकट तू केलीस?"

"हो, सर."

"तीनला मज्जाव, हे तूच लिहिलंस?"

"हो, सर."

"मग खाली तीन कसा आला?" सर रागावलेले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. "बरं, मला सांग, ही चौकट आपण कशासाठी करतो?"

डोळ्यांत पाणी आलेलं. जे खरं होतं ते मी सांगितलं. "तुम्ही करायला सांगता म्हणून, सर."

सर खुर्चीत जाऊन बसले. सरांना वर्गात बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची होती, पण तिच्यावर ते छत्री ठेवायचे. त्या दिवशी ते माझा पेपर हातात धरून, छत्री मांडीवर घेऊन बसून राहिले आणि घंटा झाली तरी उठले नाहीत.

दुपारी मी शिक्षकांच्या खोलीबाहेर रडत उभी होते, तेव्हा मुख्याध्यापक त्यांना समजावताना ऐकू आले. "अहो, पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत. दोन मार्क द्या आणि मोकळे व्हा. तिचं लग्न लावून टाकतायत." सर म्हणाले, "शेवटच्या ओळीनं पहिल्या ओळीचा गळा धरलाय. कशाचे देऊ?" मुख्याध्यापक म्हणाले, "दयेचे द्या." सरांची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मी सायकल काढली आणि घरी आले. त्या वाटेवर मी सरांना मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आजवर कुणाला दिल्या नसतील.

घरी तात्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. सुटली एकदाची." आई चुलीपुढून उठली नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "इतवारी पावण्यास्नी सांगावा धाडू."

आणि रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. कधी कुणाकडं न जाणारा माणूस. काळा कोट, हातात छत्री, काखेत माझा पेपर, आणि रानातून चालत आल्यानं चपला चिखलानं भरलेल्या. आप्पा अंगणात इंजिनाचा पट्टा सांधत बसले होते.

"रामराम, हवालदार."

"रामराम, मास्तर. या, बसा. पोरीचं काय चुकलं काय?"

"चुकलंय. तेच दाखवायला आलोय." सर ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले नव्हते. बाजेवर बसले आणि त्यांनी पेपर आप्पांच्या पुढ्यात उलगडला.

आप्पांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पेपर वाचला. "हितं वर लिवलंय तीनला मज्जाव. आन खाली तीनच." मग थोडं थांबून, "मास्तर, ह्यो तीन हाय तरी कोण?"

मला वाटलं आता सर चिडतील. पण सर बाजेच्या कडेला सरकून बसले. "हवालदार, समजा एक गेट आहे. गेटावर हुकूम लिहिलाय, अमक्याला आत सोडायचं नाही. हा तीन म्हणजे तो अमका."

"मग आत आला कसा?"

"गणित करताना छेद मधे मधे येतो, म्हणून आपण दोन्ही बाजूंना गुणून तो काढून टाकतो. म्हणजे पहारा उठवतो. मग जो यायला नको तोही आत येतो."

"पहारा उठिवल्यावर येनारच की."

"येणारच. पण पहारा उठवल्याशिवाय गणित पुढं जात नाही. म्हणून शेवटी पुन्हा गेटावर जाऊन हुकूम वाचायचा असतो, आत आलेला तो तर नव्हे ना."

"आन हिनं वाचला न्हाई."

"नाही."

आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "का वाचला न्हाई? लिवलाय तर तिनंच."

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कारण मी तिला हुकूम लिहायला शिकवलं. वाचायला शिकवलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांकडून चौकटी आखून घेतल्या आणि त्या बघून खूश झालो. चौकटीवरच नजर होती माझी. शून्य तिला मिळालंय, पण चूक माझी आहे. मार्च गेला, पण तिला ऑक्टोबरच्या बोर्डाच्या परीक्षेला बसू द्या. तोवर मी शिकवतो."

"मी शबूद दिलाय, मास्तर."

"माहीत आहे."

तात्या ओसरीवरून म्हणाले, "आवं मास्तर, एवढं रान तुडवत आलायसा, त्यापरीस दोन मार्क वाढवा की. शबूद बी ऱ्हातोय आन पोरगी बी बसती." सरांचा हात कोटाच्या खिशात गेला. त्यांचा चेहरा पडला होता.

बोलले ते आप्पा. "न्हाई तात्या. सून्य बरोबर हाय. हुकूम लिवून मोडला तर सून्यच." मग सरांकडं वळून, सावकाश, जसं आठवेल तसं बोलले, "आमच्यात नवा जवान पहाऱ्यावर चुकला की त्येला सजा असती. पर कंपनी कमांडर त्येच्या उस्तादालाबी बोलवून घ्येतोय. उस्ताद म्हनायचा, म्या शिकिवलं हुतं, ह्येच्याच डोस्क्यात शिरलं न्हाई. समदे असंच म्हनायचे. म्या सोता बी म्हनलोय. माजी चूक म्हनून चालत आलेला उस्ताद म्या बघितला नव्हता." आणि पुन्हा पट्टा हातात घेत, "सजा झाल्याली पोरं पलटनीतनं काढत न्हाईत, मास्तर. परत परेडला हुबी करत्यात. ऑक्टोबर तर ऑक्टोबर."

"आन पावण्यास्नी काय सांगायचं?" तात्या उठलेच.

ओसरीवर कधी न बोलणारी माझी आई दारातून म्हणाली, "सांगा, पोरीची परेड चाललीय म्हनून."

चहा झाला. सरांना बांधापर्यंत पोचवायला मी गेले. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पाटाचं पाणी. मला इतका आनंद झाला होता की सरांना दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेत चालले होते. सर मात्र मान खाली घालून चालत होते. बांधावर पोचल्यावर त्यांनी कोटाच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. नुकतीच टोक केलेली.

"तुला सांगायला हवं," ते म्हणाले. "मी दोन मार्क द्यायला आलो होतो."

मला समजलं नाही.

"तुझे वडील ऐकतील अशी माझी अजिबात खात्री नव्हती. ते शब्दावर अडून राहिले असते तर तिथंच बाजेवर बसून मी शून्याचे दोन करणार होतो. तुझे चुलते बोलले तेव्हा हात खिशातच होता."

"मग शून्य बरोबर आहे म्हणून मुख्याध्यापकांना..."

"शून्य बरोबरच आहे. म्हणून तर. उद्या फळ्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो? शिरवळला भावाची जमीन आहे. नोकरी सोडून तिकडं जायचं मनाशी ठरवून आलो होतो." हे त्यांनी एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग पेन्सिल खिशात टाकून म्हणाले, "जा आता. आई वाट बघत असेल," आणि उसातून निघून गेले.

मी ऑक्टोबरात बसले आणि पास झाले. मार्क सांगण्यासारखे नव्हते. सांगलीच्या तार ऑफिसात नोकरी लागली, लग्न पुढं माझ्या वेळेनं झालं. सरांनी त्यानंतर चौकटीची सक्ती सोडली म्हणे, त्याऐवजी गणित संपल्यावर ते प्रत्येकाला स्वतःची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लावत.

आप्पा म्हातारे झाले तरी आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगायचे. ओसरीवर बसून, मांडीवर थाप मारून. "मास्तर बघावा तर त्यो. पोरीच्या लग्नाची येळ आली, मुख्याध्यापकानं सांगितलं, आमच्या तात्यानं सांगितलं, पर एका मार्काला हलला न्हाई गडी." पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, "हो, नाहीच हलले."